रीगा ते मॉस्को: टंकलिखित पानांच्या मागावर

बुधवार, रीगा

लाटव्हियाची राजधानी असलेल्या रीगाच्या जुन्या शहरात पाइताव्हास नावाच्या रस्त्यावर १९०५ साली बांधलेले एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे. सोव्हिएत काळात ज्यू तरुणांनी गुप्तपणे टाइप करून वाटलेल्या साहित्याचा माग रीगा, लेनिनग्राड म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग आणि मॉस्को या तीन शहरांतून घ्यायचा, असे ठरवून ऑक्टोबर २०१९ मध्ये मी निघालो, तेव्हा पहिला मुक्काम इथेच करावा असे मला वाटले. सोबत रशियन उत्तम जाणणारा एक मित्र होता. त्याच्यावाचून या प्रवासातील निम्म्या गोष्टी माझ्यापर्यंत पोहोचल्याच नसत्या.

जुलै १९४१ मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरताच रीगातील सिनेगॉगे जाळण्यात आली. गोगोल रस्त्यावरचे भव्य कोरल सिनेगॉग ४ जुलै रोजी आत असलेल्या माणसांसकट पेटवले गेले. पाइताव्हास रस्त्यावरचे सिनेगॉग वाचले, कारण ते दाट वस्तीत शेजारच्या इमारतींना खेटून उभे होते आणि ते पेटवले असते तर आग त्या इमारतींनाही लागली असती. पुढे त्याचे गोदाम झाले, युद्धानंतर पुन्हा प्रार्थना सुरू झाली, आणि सोव्हिएत राजवटीची सगळी वर्षे त्याचे दार उघडे राहिले. मात्र त्या दारातून आत जाणाऱ्या तरुण माणसाची नोंद कुणीतरी ठेवत असेल, हे गृहीत धरूनच लोक वावरत असत.

दुपारी स्कोलास रस्त्यावरच्या ६ क्रमांकाच्या इमारतीतील ज्यू संग्रहालयात गेलो. वंशसंहारातून वाचलेले इतिहासकार मार्गेर्स वेस्तेरमानिस यांनी सोव्हिएत सत्तेच्या अखेरच्या वर्षांत त्याचा पाया घातला. लाटव्हियात १९३५ च्या जनगणनेनुसार सुमारे ९३ हजार ज्यू होते. त्यांच्या शाळा, वृत्तपत्रे, नाट्यसंस्था आणि राजकीय पक्ष यांची छायाचित्रे पाहताना माझ्या मनातील एका प्रश्नाचे उत्तर मिळत गेले. गुप्त ज्यू साहित्याची चळवळ रीगातच इतक्या लवकर का रुजली असावी, हा तो प्रश्न. लेनिनग्राड आणि मॉस्को येथील ज्यू १९१७ पासून सोव्हिएत सत्तेखाली होते. हिब्रू शाळा, हिब्रू पुस्तके आणि झायनवादी, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र मायभूमीसाठी झटणाऱ्या, संघटना यांच्यावर तिथे विसाच्या दशकातच गदा आली, आणि ज्या पिढीला ते सारे आठवत होते ती तुरुंगात किंवा स्मशानात गेली. लाटव्हिया मात्र १९४० पर्यंत स्वतंत्र होता. बेतार ही झायनवादी युवक संघटना १९२३ साली याच शहरात जन्माला आली. त्यामुळे साठच्या दशकात रीगामध्ये चाळिशी-पन्नाशीची अशी माणसे अजून होती, की ज्यांनी शाळेत हिब्रू शिकली होती आणि ज्यांच्या कपाटामागे एखादे जुने पुस्तक दडवलेले होते. नव्या पिढीला देण्यासाठी त्यांच्याजवळ काहीतरी होते, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पहिल्यांदा टाइप होऊन फिरली ती हीच जुनी पुस्तके. झायनवादी नेते झाबोतिन्स्की यांचे क्रांतिपूर्व काळातले लेख, हिब्रू कवी ब्यालिक यांच्या कवितांची रशियन भाषांतरे आणि दुबनोव यांचे इतिहासग्रंथ यांचा त्यांत समावेश होता. त्यांच्या जोडीला आली ‘एक्झोडस’ ही इस्रायलच्या स्थापनेवरची, १९५८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली कादंबरी. तिचे रशियन भाषांतर रीगातील काही कुटुंबांनी घरच्या टाइपरायटरवर उतरवून काढले आणि तिथून ते देशभर पसरले. कादंबरी म्हणून तिची उंची फारशी नाही, असे माझे मत आहे. पण शेकडो पानांची ती गोष्ट कुणीतरी रात्री खिडक्या बंद करून, टाइपरायटरखाली घडी घातलेले कांबळे ठेवून, अक्षर अक्षर उतरवत होते. अशा वेळी पुस्तकाची किंमत वेगळ्या मापाने करावी लागते. पातळ कागदाच्या थरात कार्बन पेपर घालून एका बैठकीत चार-पाच वाचता येण्याजोग्या प्रती निघत. शेवटची प्रत इतकी फिकट असे की ती दिव्याजवळ धरूनच वाचावी लागे. वाचून झालेली प्रत पुढच्याला द्यायची, आणि शक्य असेल त्याने आणखी चार-पाच प्रती काढायच्या, एवढीच या प्रकाशनव्यवहाराची रीत होती.

दुबनोव यांचे नाव वर आले, त्याविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. पूर्व युरोपातील ज्यूंचे हे थोर इतिहासकार हिटलरच्या उदयानंतर बर्लिन सोडून रीगाला येऊन राहिले आणि डिसेंबर १९४१ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, इथल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतच, मारले गेले. ‘लोकहो, लिहा आणि नोंदून ठेवा’ असे ते अखेरच्या क्षणी म्हणाल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती सांगतो, पण पंचवीस वर्षांनंतर याच शहरात त्यांची पुस्तके बोटे दुखेपर्यंत टाइप होत होती, ही गोष्ट मात्र पुराव्यानिशी सिद्ध आहे.

गुरुवार, रुम्बुला आणि कोपऱ्यावरचे घर

सकाळी शहराच्या आग्नेयेला असलेल्या रुम्बुलाच्या जंगलात गेलो. रस्ता मॉस्कोच्या दिशेने जातो, दोन्ही बाजूंना गोदामे आणि मोठी दुकाने आहेत, आणि मधेच पाइन वृक्षांचा एक पट्टा लागतो. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत रीगाच्या घेट्टोतून सुमारे २५ हजार माणसांना इथवर चालवत आणून गोळ्या घालण्यात आल्या. या हत्याकांडाची आखणी करणारा जर्मन अधिकारी फ्रीड्रिख येकेल्न त्याच्या दोनच महिने आधी कीव्हजवळच्या बाबी यार येथील ज्यूंच्या हत्याकांडातही होता. १९४६ च्या फेब्रुवारीत त्याला रीगामध्येच जाहीरपणे फाशी देण्यात आली.

युद्धानंतर या जागेवर ज्यूंचा उल्लेख करणारे काहीही नव्हते. मेलेले सर्व जण ‘सोव्हिएत नागरिक’ होते, अशी अधिकृत भूमिका होती, आणि ज्यू म्हणून मारल्या गेलेल्या माणसांचे ज्यू म्हणून स्मरण करणे हा संकुचित राष्ट्रवाद ठरत असे. वाळू खचून खड्डे उघडे पडले होते. १९६२-६३ च्या सुमारास रीगातील काही ज्यू रविवारी फावडी, घमेली आणि रोपे घेऊन इथे येऊ लागले. त्यांनी झाडोरा काढला, सामूहिक कबरींच्या कडा बांधल्या आणि फुलझाडे लावली. आधी मूठभर माणसे यायची, मग डझनांनी येऊ लागली आणि वार्षिक स्मृतिदिनाला शेकडो जमू लागली. १९६४ मध्ये इथे एक दगड उभा राहिला. त्यावर ‘फॅसिझमच्या बळींना’ एवढेच शब्द आहेत, परंतु ते लाटव्हियन आणि रशियन भाषांबरोबर यिद्दिश या हिब्रू लिपीत लिहिल्या जाणाऱ्या ज्यूंच्या भाषेतही आहेत. मजकुरात ‘ज्यू’ हा शब्द येऊ दिला नाही, तरी लिपीतून तो आलाच. सोव्हिएत भूमीवर त्या काळात असा दगड फार दुर्मीळ होता. २००२ साली उभारलेल्या नव्या स्मारकात मध्यभागी मेनोरा, म्हणजे ज्यूंचा सात फांद्यांचा दीप, आहे आणि तिच्याभोवती नावे कोरलेले दगड आहेत. तो जुना दगडही अजून आहे आणि मी सर्वांत जास्त वेळ त्याच्यासमोरच उभा राहिलो.

या चळवळीचा आरंभ मी पुस्तकांत शोधत होतो, पण तो इथल्या वाळूत आहे, असे मला आज वाटले. इथे एकत्र काम करणाऱ्या मुलामुलींची ओळख झाली. कोण विश्वासाचा, कोणाजवळ टाइपरायटर, कोणाला हिब्रू येते, कोणाचा मामा इस्रायलहून पत्रे पाठवतो, हे इथेच कळत गेले. १९४७ मध्ये रीगात जन्मलेला योसेफ मेंदेलेविच हा तरुण याच श्रमदानातून चळवळीत ओढला गेला आणि पुढे ‘इतोन’ या गुप्त नियतकालिकाचा संपादक झाला. ‘इतोन’ म्हणजे हिब्रूत वर्तमानपत्र. ऑगस्ट १९६९ मध्ये मॉस्कोत निरनिराळ्या शहरांतील गटांच्या प्रतिनिधींची गुप्त बैठक झाली, तीत समन्वय समिती नेमण्यात आली आणि सर्वांसाठी एक नियतकालिक काढण्याचा निर्णय झाला. संपादन आणि टंकलेखन रीगाकडे आले. १९७० मध्ये ‘इतोन’चे दोन अंक निघाले. तिसरा अंक निघू शकला नाही.

तो का निघाला नाही, याचे उत्तर दुपारी पाहिलेल्या इमारतीत होते. ब्रीवीबास आणि स्ताबू रस्त्यांच्या कोपऱ्यावरची १९१२ सालची ही देखणी इमारत केजीबी या सोव्हिएत गुप्त पोलीस यंत्रणेचे रीगातील मुख्यालय होती. सगळे शहर तिला ‘कोपऱ्यावरचे घर’ म्हणते. आता तिच्या एका भागात संग्रहालय आहे. प्रवेशद्वाराशी एक टपालपेटी जपून ठेवलेली आहे, जिच्यात अटक झालेल्या नातेवाइकाची चौकशी करणारा अर्ज टाकता येई आणि शेजाऱ्याविरुद्धची चुगलीही. आतल्या कोठड्या, चौकशीच्या खोल्या आणि कैद्यांना फिरवण्याचे वरून जाळी असलेले छोटे अंगण हे सारे मार्गदर्शक तरुणीने फार संयमाने दाखवले.

मे १९७१ मध्ये रीगात चार जणांवर खटला चालला: आर्काडी श्पिलबर्ग, मिखाईल शेपशेलोविच, बोरिस माफ्त्सेर आणि रूथ आलेक्सांद्रोविच. आरोप होता सोव्हिएतविरोधी साहित्य तयार करून वाटल्याचा. श्पिलबर्गला तीन वर्षे, शेपशेलोविचला दोन, आणि उरलेल्या दोघांना एकेक वर्षाची शिक्षा झाली. रूथ परिचारिका होती, वय तेविसाच्या आसपास, आणि ती इस्रायलला जाण्याची परवानगी मागत होती. अशा खटल्यांत पुराव्याच्या मेजावर शस्त्रे नसत. तिथे पाने, कार्बन आणि टाइपरायटर असत, आणि कोणत्या यंत्रावर कोणते पान उतरले हे अक्षरांच्या झिजेवरून सांगणारा तज्ज्ञाचा अहवाल असे.

रात्रीच्या बसने सेंट पीटर्सबर्गला निघालो.

शुक्रवार, सेंट पीटर्सबर्ग

लेर्मोंतोव्स्की मार्गावरचे १८९३ सालचे कोरल सिनेगॉग पाहून लितेयनी मार्गावरच्या ‘मोठ्या घरा’समोर आलो. तीसच्या दशकाच्या आरंभी बांधलेली ही अवाढव्य इमारत सुरक्षा यंत्रणेसाठीच उभारली गेली आणि आजही तिच्याकडेच आहे. तिथे थांबून छायाचित्र काढू नये, असा सल्ला मित्राने दिला आणि मी तो मानला.

लेनिनग्राडचा गट रीगाहून वेगळा होता. १९६६ च्या शरद ऋतूत काही तरुण अभियंते आणि त्यांचे मित्र पुष्किन या उपनगरातल्या उद्यानात भेटले आणि त्यांनी संघटना स्थापन केली. तिला नियम होते, वर्गणी होती आणि ठरावही होते. देश सोडून इस्रायलला जाण्याचा हक्क मिळवणे आणि ज्यूंनी आपली ओळख विसरू नये यासाठी शिक्षण देणे, ही तिची दोन उद्दिष्टे होती. हिलेल बुतमान आणि त्यांचे सहकारी घरोघरी हिब्रूचे वर्ग घेत. पाठ्यपुस्तक बाहेरून आलेले एखादेच असायचे. मग त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, न्हाणीघरात लाल दिव्याखाली फोटोच्या कागदावर त्याच्या प्रती काढायच्या आणि त्या वाळवून गठ्ठे बांधायचे. अशा पुस्तकाचे एकेक पान जाड आणि कडाडणारे असे आणि पूर्ण पुस्तक विटेएवढे जड होई. छायाप्रती काढणारी यंत्रे देशात होती, पण ती कुलपात असत आणि प्रत्येक प्रतीचा हिशेब द्यावा लागे. मोल्दोव्हातील किशिनेव्ह शहराच्या गटाने ‘एरा’ नावाच्या अशा यंत्राचे भाग एका कचेरीतून पळवून स्वतःचे यंत्र जुळवण्याचा प्रयत्न केला. जून १९७१ मध्ये त्यांच्यावर चाललेल्या खटल्यात हाही आरोपाचा भाग होता.

इथे एका गोष्टीची आठवण होते आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडच्या अलिबाग, पेण, पनवेल आणि मुंबईच्या बेने इस्रायल या मराठी ज्यू कुटुंबांतील हजारो माणसे १९४८ नंतर इस्रायलला गेली. जाताना त्यांना कुणी देशद्रोही म्हटले नाही, कुणाची नोकरी त्यापायी गेली नाही, आणि तिकडे स्थायिक झाल्यावर त्यांनी मराठी नियतकालिकही उघडपणे चालवले. कोकणातल्या शनिवार तेल्यांच्या, म्हणजे शनिवारी काम न करणाऱ्या या तेल्यांच्या, नातवंडांना जे सहज मिळाले, त्याच्यासाठी लेनिनग्राडमधला अभियंता अर्ज करी, त्या अर्जासाठी लागणारे शिफारसपत्र मागताच कामावरून काढला जाई आणि नंतर बेकार म्हणून ‘परोपजीवी’ ठरवला जाई. परवानगी नाकारल्या गेलेल्या अशा माणसांना ‘ओत्काझनिक’ म्हणत, आणि काहींनी त्या अवस्थेत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे काढली.

शनिवार, सेंट पीटर्सबर्ग

शहराच्या पूर्वेला र्झेव्हका भागात एक जुना विमानतळ आहे. १९७० मध्ये त्याचे नाव स्मोल्नोये होते. आता तिथून प्रवासी विमाने उडत नाहीत. पाहण्यासारखे तिथे काही नाही, हे ठाऊक असूनही मला ती जागा डोळ्यांनी बघायची होती.

१५ जून १९७० च्या सकाळी इथे बारा माणसे अटकेत पडली आणि त्याच पहाटे प्रिओझेर्स्कजवळच्या जंगलात आणखी चार. मार्क दिमशित्स हा अनुभवी वैमानिक आणि एदुआर्द कुझ्नेत्सोव्ह यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी एका छोट्या आन-२ विमानाची सगळी तिकिटे काढली होती. वाटेत वैमानिकांना बांधून उतरवायचे, स्वतः विमान चालवत स्वीडन गाठायचे, असा बेत होता. त्यांच्यात मेंदेलेविच होता, रीगाची सिल्वा झाल्मान्सोन होती आणि ज्यू नसलेले दोघे, युरी फ्योदोरोव्ह आणि आलेक्सेई मुर्झेन्को हेही होते. आपण पकडले जाऊ, हे बहुतेकांना वाटत होतेच. म्हणूनच निघण्याआधी त्यांनी एक निवेदन लिहून ठेवले होते, ज्याला ते ‘मृत्युपत्र’ म्हणत.

लेनिनग्राडच्या संघटनेने याच्याआधी अशा एका योजनेचा विचार केला होता, इस्रायलकडे मत विचारले होते आणि नकार आल्यावर तो नाद सोडला होता. विमान पळवण्याने टंकलेखनाचे सारे काम उघड्यावर येईल, वर्षानुवर्षे जुळवलेले धागे तुटतील, असे त्यांतल्या अनेकांचे म्हणणे होते, आणि घडलेही तसेच. त्याच दिवशी लेनिनग्राड, रीगा आणि इतर शहरांत घरांच्या झडत्या झाल्या, बुतमान आणि त्यांचे सहकारी पकडले गेले, आणि पुस्तकांचे गठ्ठे पोत्यांत भरून नेले गेले. तरीही मी त्या सोळा जणांना दोष देऊ शकत नाही. दार सर्व बाजूंनी बंद असेल, तर कुणीतरी ते खांद्याने ठोकणारच.

खटला डिसेंबरमध्ये इथल्याच शहर न्यायालयात चालला. अकरा आरोपी होते. २४ डिसेंबरला दिमशित्स आणि कुझ्नेत्सोव्ह यांना देहदंड जाहीर झाला. सिल्वाने आपल्या अखेरच्या निवेदनात ‘हे यरुशलेम, मी तुला विसरले तर माझा उजवा हात विसरो’ ही स्तोत्रातली ओळ उच्चारली. जगभर निदर्शने झाली. त्याच आठवड्यात स्पेनच्या फ्रँकोने बास्क कैद्यांची फाशी रद्द केल्यामुळे सोव्हिएत नेतृत्वाची अडचण आणखी वाढली. ३१ डिसेंबरला दोन्ही देहदंड पंधरा वर्षांच्या शिक्षेत बदलले गेले. सिल्वाला दहा वर्षे मिळाली होती.

त्या खटल्याची बंद दालनातील कार्यवाही जगाला कळली, तीही टाइप केलेल्या पानांतूनच. दालनात बसू दिलेल्या नातेवाइकांनी जे ऐकले ते घरी येऊन आठवणीतून लिहून काढले, आणि कार्बनच्या प्रती पुन्हा फिरू लागल्या. म्हणजे झडत्यांनंतर साधारण सहा महिन्यांत हे काम पुन्हा उभे राहिले होते, फक्त हात वेगळे होते.

रविवार, मॉस्को

सकाळच्या ‘साप्सान’ या वेगवान रेल्वेगाडीने चार तासांत मॉस्को. सामान ठेवून थेट किताय-गोरोदकडे निघालो. बोल्शोय स्पासोग्लिनिश्चेव्स्की या गल्लीला सोव्हिएत काळात आर्खिपोव्ह रस्ता म्हणत. ती उताराची आहे, म्हणून ओत्काझनिक मंडळी तिला ‘गोर्का’, म्हणजे टेकडी, एवढेच म्हणत. शनिवारी सिनेगॉगसमोर उभे राहायचे, कोणाला परवानगी मिळाली, कोणाला नाकारली, कोणाच्या घरी झडती झाली, कोणता अंक आला, हे कळवायचे, आणि पिशव्या बदलायच्या. १९४८ च्या शरद ऋतूत इस्रायलच्या पहिल्या राजदूत गोल्डा मेयर इथे आल्या तेव्हा हजारो माणसे या रस्त्यावर लोटली होती, आणि साठच्या दशकापासून सिम्हत तोराच्या, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या उत्सवाच्या, रात्री तरुणांनी इथे गाण्याची आणि नाचण्याची प्रथा पाडली.

मॉस्कोच्या चळवळीचे वळण वेगळे होते. रीगा आणि लेनिनग्राडच्या अनुभवावरून इथल्या माणसांनी असा निष्कर्ष काढला की गुप्त संघटना करू नये. सोव्हिएत कायद्यात देश सोडण्याची मागणी करणे हा गुन्हा नाही, मग ती स्वतःच्या नावाने आणि पत्त्यासह करावी. ऑगस्ट १९६९ मध्ये जॉर्जियातील १८ ज्यू कुटुंबांनी संयुक्त राष्ट्रसंघाला लिहिलेले पत्र या मार्गावरचा मोठा टप्पा होता. अशी पत्रे, निवेदने आणि खटल्यांची टिपणे एकत्र करून १९७० पासून मॉस्कोत ‘इस्खोद’ नावाचे संग्रह निघू लागले, म्हणजे निर्गमन. २४ फेब्रुवारी १९७१ रोजी मॉस्कोतील ज्यूंचा एक गट सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे देशाच्या संसदेच्या, स्वागतकक्षात जाऊन बसला आणि परवानगी मिळेपर्यंत हलणार नाही असे म्हणाला. असे काही त्या इमारतीत पूर्वी घडले नव्हते. त्या वर्षापासून परवानग्यांचा आकडा वाढू लागला. १९७९ मध्ये ५१ हजार ज्यू देश सोडून गेले. अफगाणिस्तानात सैन्य घुसल्यानंतर दारे पुन्हा बंद झाली आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला हा आकडा वर्षाला हजाराच्या आसपास उतरला.

सोमवार, मॉस्को

सकाळी कारेत्नी र्याद रस्त्यावर ‘मेमोरियल’ संस्थेच्या कार्यालयात गेलो. राजकीय दडपशाहीची कागदपत्रे जपणाऱ्या या संस्थेकडे समिझदातचा, म्हणजे स्वतःच टाइप करून वाटलेल्या साहित्याचा, मोठा साठा होता. २८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था बंद करण्याचा आदेश दिला. आज हे लिहिताना ती सकाळ मला अधिकच मोलाची वाटते.

मला पाहायचे होते ‘एव्रेई व्ह सेसेसेर’, म्हणजे ‘सोव्हिएत संघातील ज्यू’, हे नियतकालिक. भौतिकशास्त्रज्ञ आलेक्सांद्र वोरोनेल आणि विक्तोर याखोत यांनी ते १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केले. वोरोनेल यांना देश सोडण्याची परवानगी मिळाल्यावर संपादन एकामागून एक इतरांच्या हाती गेले आणि १९७९ पर्यंत एकूण २० अंक निघाले. केवळ निषेधपत्रे छापण्याचा या नियतकालिकाचा हेतू नव्हता. रशियन बोलणारा, रशियन साहित्यावर वाढलेला ज्यू माणूस स्वतःला काय समजतो, त्याचा धर्माशी संबंध काय, रशियाशी काय, या प्रश्नांची उत्तरे त्यात लोक शोधत होते. हिब्रू न येणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने ज्यू असण्याविषयी तीस पाने लिहावी आणि दुसऱ्याने पुढच्या अंकात ती खोडून काढावी, असे हे नियतकालिक होते. मराठीतल्या आपल्या वैचारिक नियतकालिकांच्या चांगल्या काळाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वादांची चव लगेच ओळखू येईल.

अंकाचे आवरण अगदी साधे: टाइप केलेले शीर्षक, क्रमांक आणि संपादकांची नावे, पत्त्यासकट. सोव्हिएतविरोधी प्रचाराबद्दलच्या कलम ७० खाली सात वर्षांची शिक्षा होऊ शकत असताना आपल्या घराचा पत्ता पहिल्या पानावर लिहिणारी ही माणसे पाहून मी बराच वेळ तो अंक मिटवू शकलो नाही. त्याची किंमत त्यांनी दिली. कवी इगोर गुबेरमान यांना १९७९ मध्ये चोरीची धर्मचित्रे विकत घेतल्याच्या बनावट आरोपाखाली अटक झाली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. गणितज्ञ विक्तोर ब्राइलोव्स्की यांना नोव्हेंबर १९८० मध्ये अटक झाली आणि जून १९८१ मध्ये पाच वर्षे हद्दपारी सुनावून कझाकस्तानात धाडण्यात आले. नोकरीतून काढलेल्या शास्त्रज्ञांसाठी ब्राइलोव्स्की यांच्या घरी दर आठवड्याला एक चर्चासत्र चाले, म्हणजे संशोधन थांबू नये. हिब्रू शिकवणारे योसिफ बेगुन तीनदा शिक्षा भोगून आले आणि तिसऱ्या वेळी, १९८३ मध्ये, त्यांना सात वर्षे तुरुंग आणि पाच वर्षे हद्दपारी सुनावण्यात आली. फेब्रुवारी १९८७ मध्ये ते सुटले, तेव्हा गोर्बाचोव्ह यांच्या धोरणाची दिशा स्पष्ट होऊ लागली होती.

ही माणसे गेली तरी काम थांबले नाही, हे मला इथे पुन्हा दिसले. लेनिनग्राडमध्ये १९८२ पासून ‘लेनिनग्राड ज्यू आल्मानाक’ सुरू झाले आणि दशकाच्या अखेरीपर्यंत त्याचे १९ अंक निघाले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधन केंद्राने हे सारे साहित्य मालिकारूपाने पुनर्मुद्रित केले, आणि आज आपण ते वाचू शकतो ते त्यामुळे. पण त्या खंडांत लेखकांची नावे आहेत, संपादकांची आहेत, टाइप करणाऱ्यांची जवळजवळ नाहीतच. ते काम बहुधा स्त्रियांचे होते, दिवसा कचेरीतल्या यंत्रावर आणि रात्री घरच्या. ही उणीव मला सकाळभर टोचत राहिली.

संध्याकाळी सिम्हत तोरा होता. गोर्कावर गर्दी होती. सिनेगॉगच्या आत तोराच्या गुंडाळ्या हातांत घेऊन फेऱ्या चालल्या होत्या आणि बाहेर मुले चॉकलेटे खात होती. पोलीस होते, पण ते वाहतुकीसाठी. पायऱ्यांच्या बाजूला एका सत्तरीच्या बाईंशी मित्राने बोलणे काढले. त्यांनी सत्तरच्या दशकात, ‘थोडेसे’ टाइप केले होते. पतीला परवानगी नाकारली गेली तशी त्यांनाही, आणि पुढे १९८८ मध्ये ती मिळाली तेव्हा आई आजारी होती, म्हणून त्या राहिल्या. घरातली शेवटची, सर्वांत फिकट प्रत त्या स्वतःसाठी ठेवत, आणि झडतीच्या भीतीने महिन्याभरात तीही जाळत.

सकाळी पाहिलेल्या आवरणांवरची नावे आणि पत्ते यांच्याविषयी मी मोठ्या आदराने बोललो, आणि टाइप करणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत याची खंतही सांगितली. मित्राने भाषांतर करून सांगितले. बाईंनी मान हलवली आणि म्हटले की ती नावे आवरणावर होती ती यासाठीच, की अंक पकडला गेला तर पोलिसांना संपादक लगेच सापडावेत आणि यंत्र कुणाच्या घरी आहे हे शोधत त्यांनी पुढे जाऊ नये. संपादकांनी स्वतःहून पुढे उभे राहण्याचे ठरवले होते, म्हणून मागे बसलेल्या त्या एकट्याच नव्हे, तर शहरातल्या तशा अनेक जणी सुरक्षित राहिल्या. पुढचा अंकही निघाला तो त्यामुळेच.